वाळवीनं न खाल्लेला नकाशा

तो नकाशा वाळवीनं खाल्ला नव्हता. हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मोठ्या भावापाशी तर नाहीच. नकाशा माझ्या घरात लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे, बायकोच्या लग्नातल्या शालूच्या पिशवीखाली, गुंडाळी करून ठेवलेला. ट्रेसिंग पेपर आहे. कडा पिवळ्या पडल्या, पण एक अक्षर पुसलेलं नाही. वाळवी लागली असं मी चार लोकांसमोर सांगितलं, एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर, आणि त्या माणसानं ते लगेच खरं मानलं. त्यांनी भांडण केलं असतं, मला चार शब्द सुनावले असते, तर बहुतेक मी एव्हाना विसरूनही गेलो असतो.

मी लाखांदूरला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. पंचवीस वर्षं होऊन गेली. दरवर्षी 'प्रदेश' हा धडा येतो आणि दरवर्षी मी फळ्यावर तीन चौकोन काढतो. भूगोलवाले जग कसं वाटून घेतात, ते सांगायचं असतं.

पहिला औपचारिक प्रदेश. सगळीकडे एकच गोष्ट सारखी असते, किंवा सरकारनं एक हद्द आखून दिलेली असते. आपला धानाचा पट्टा तसा. भंडारा जिल्हा तसा. ग्रामपंचायतसुद्धा तशीच. दुसरा कार्यात्मक प्रदेश. इथं हद्द कोणी आखत नाही, येण्याजाण्यातून ती तयार होते. लाखांदूरचा बाजार कुठवर? जिथून लोक रिकाम्या पिशव्या घेऊन एसटीत बसतात, तिथवर. आणि तिसरा, लोकांच्या मनातला. झाडीपट्टी कुठे सुरू होते याची पाटी कोणत्याच रस्त्यावर नाही. पण एसटीत खिडकीशी बसलेल्या म्हातारीला विचारा. ती बोट दाखवून सांगेल, "आता लागली पाहा झाडी."

मुलं हसतात. धडा चांगला रंगतो. पूर्वी मी दुसऱ्या चौकोनात आमच्या गावच्या तलावाचं उदाहरण द्यायचो. आता देत नाही. आता एसटीवर भागवतो.

आमचं गाव लाखांदूरपासून एसटीनं पाऊण तासावर. गावाच्या वरच्या अंगाला जुना मालगुजारी तलाव आहे, जमीनदारांच्या काळातला. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या खाली आमची धानाची शेतं, आणि तलावाच्या पलीकडच्या काठावर ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा टोला, वीसेक घरांची वस्ती. तलाव आमच्या ग्रामपंचायतीत येतो. टोला मात्र कागदावर शेजारच्या पंचायतीत. मधून एक नाला जातो, त्यावरून कधीतरी कोणीतरी हद्द टाकली असेल. टोल्यातल्या लोकांना त्याचं काही नव्हतं. तलाव त्यांचा पोटाचा, आमचा पाण्याचा, आणि दोघांमध्ये एक जुनी रीत होती.

पावसाळ्यात तलाव भरून सांडवा वाहू लागला की टोल्यातली माणसं त्या दिवशीची पहिली मासोळी विकत नसत. पळसाच्या पानात बांधून, तलावाखाली ज्या ज्या घराचं शेत आहे त्या घरी नेऊन देत. पैसे नाहीत, काही नाही. धानाची मळणी झाली की प्रत्येक घर खळ्यावरून एक सूप नवं धान त्यांच्यासाठी बाजूला काढत असे. पावसात पाळीला कुठे भगदाड पडतं का यावर नजर त्यांचीच. आमच्या गावातला एकही माणूस पाळीवर जाऊन उभा राहिल्याचं मला आठवत नाही. कार्यात्मक प्रदेश म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचण्याच्या आधी पळसाच्या पानात पाहिलेलं होतं.

एम. ए.च्या शेवटच्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा होता. मी तलावच घेतला. तलाव आणि त्याचा प्रदेश. टोल्यातले एक गृहस्थ मला डोंग्यातून फिरवायला तयार झाले. डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरलेली होडी, हलली की जीव घशाशी येतो. मी त्यांना काकाजी म्हणायचो. तेव्हा ते चाळिशीचे असतील, पाण्यात राहून पिंडऱ्या लाकडासारख्या झालेल्या. अकरा दिवस मी त्यांच्या डोंग्यात बसलो. ते बांबू उभा बुडवायचे, खुणा मोजायचे आणि सांगायचे, मी लिहायचो. नुसती खोली नाही. त्या एवढ्याशा तलावाला त्यांनी बारा-तेरा नावं पाडलेली होती. कमळबाजू. म्हसबैठक. गाडबुडी, जिथे कोणाच्या तरी आजाची बैलगाडी गेली होती. आणि मधोमध आईचं पाणी. तिथे पावसाळ्याचे दोन महिने कोणी जाळं टाकत नसे, आणि उन्हाळ्यातही तेवढं पाणी राहू द्यायचं, कारण पुढच्या वर्षीचं माशांचं बी तिथे राहतं.

"काकाजी, कोणी टाकलंच जाळं तर?" मी विचारलं होतं.

"टाकन कोन? आपल्याच घरच्या चुलीत पानी ओतल्यासारखं हाय थे."

नकाशा तयार झाला तेव्हा मी तो घेऊन टोल्यात गेलो. खाटेवर पसरला. पंचायतीची हद्द सलग रेघेनं काढली होती. तिच्याबाहेरून एक तुटक रेघ फिरवली होती, आमची शेतं, पाळ, तलाव आणि टोला असं सगळं पोटात घेणारी. काकाजींना वाचता येत नव्हतं, पण नकाशा त्यांना मिनिटभरात समजला. डोंग्यात बसून त्यांनी तो आधीच पाहिलेला होता म्हणा ना.

"हे तुटक-तुटक रेघ कायची जी?"

"तलावाचा संबंध जिथवर पोचतो ना, तिथवरची."

"मंग आमचा टोला मधात हाय?"

"मधातच."

"बरं झालं. सरकारच्या कागदात आमी नेहमी कोपऱ्यात रायतो, नाहीतं कागद तिथंच फाटलेला रायते." मग म्हणाले, "याची एक नक्कल मले द्या. पोराच्या लग्नात मांडवाले लावीन. पाहुणे मनतीन, बुढ्याची इस्टेट केवढी हाय!"

देतो म्हणालो. दिली नाही. लघुप्रबंधाला मार्क चांगले पडले. ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांचे, ग्रंथपालांचे, आईवडिलांचे नावानिशी आभार मानले आणि शेवटी लिहिलं, 'स्थानिक मच्छीमारांचे सहकार्य लाभले.' खोलीच्या तक्त्याखाली लिहिलं, 'प्रत्यक्ष क्षेत्रपाहणीतून.' पाहणी माझी नव्हती, बांबूही माझा नव्हता. माझं फक्त अक्षर चांगलं होतं.

मग नोकरी, लग्न, लाखांदूरला घर. शेत मोठा भाऊ पाहतो. वर्षं गेली आणि गावात उन्हाळी धानाचं वेड आलं. खरिपाचं धान निघालं की पुन्हा रोवणं. त्याला पाणी लागतं ते तलावाचं, आणि थोडं नाही, सगळं. टोल्यातली माणसं म्हणू लागली, तलावाचं गेट थोडं लवकर बंद करा, आईचं पाणी राहू द्या. त्यावरून पाळीवर दोनदा बाचाबाची झाली. पुढे मासेमारीची लीज नव्यानं द्यायची वेळ आली तेव्हा गावानं स्वतःची एक संस्था काढली. आजवर लीज टोल्याच्या संस्थेकडे असायची. गावाचं म्हणणं एवढंच की तलाव आमच्या पंचायतीत आहे, टोला नाही. तेव्हा तलाव टोल्याच्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात बसतच नाही.

सरपंच माझ्या वर्गातला. एका रविवारी घरी आला. शाळेत असताना मला नावानं हाक मारायचा, त्या दिवशी 'सर' म्हणाला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"सर, एक चांगला नकाशा पाहिजे संस्थेच्या अर्जाले. तुमचं काढलेलं म्हणजे काही पाहायचं काम नाही. अन् खोटं काही काढा असं मी म्हणून नाही राहिलो. फक्त पंचायतीची हद्द दाखवा. तेवढीच."

तेवढीच. मी दोन संध्याकाळी बसून काढली. सुरेख काढली. सलग काळी रेघ, खाली प्रमाण, कोपऱ्यात उत्तरेचा बाण. टोल्याच्या जागी नाल्यापलीकडे कोरा कागद. त्यातली एकही रेघ खोटी नव्हती. मी स्वतःला तसंच समजावलं. आपण औपचारिक प्रदेश दाखवला, कार्यात्मक कोणी मागितलाच नाही. ज्या धड्यावर मी पोटाला खातो, तोच धडा मी अंगावर पांघरून बसलो.

चौकशीला अधिकारी ग्रामपंचायतीत आले. माणूस सरळ होता, दोन्ही बाजूंचं ऐकून घेत होता. गावातले वीस-पंचवीस लोक, सरपंच, माझा भाऊ, मी, आणि टोल्यातून आठ-दहा माणसं आली होती. काकाजी पुढे बसले होते. त्यांच्या मागे त्यांची सून. तिला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं, पण सरपंचानं माझा नकाशा उलगडून हद्दीवर बोट फिरवलं तशी ती उभी राहिली.

"साहेब, आमची बकरी दिवसातून दोनदा हे रेघ वलांडते. तिच्यावर केस करा पयले."

सगळे हसले. साहेबही हसले. मग म्हणाले, "बाई, तुमचं खरं असेल. पण हद्द कागदावर स्पष्ट आहे. तलावाशी टोल्याचा जुना संबंध होता असा एखादा कागद दाखवता येईल? कसलाही. मग मला विचार करता येईल."

"हाय ना जी," काकाजी म्हणाले. ते हात टेकून उठले आणि वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा उजळलेला, की जणू हरवलेली किल्ली खिशातच सापडली. "मास्तरपाशी हाय. मास्तरनंच तं काढला. मी बांबू धरून होतो डोंग्यात, अकरा रोज. त्यात आमचा टोला मधात हाय. तुटक रेघेच्या मधात. मास्तर, सांगा ना साहेबाले."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आदल्या दिवशी भाऊ माझ्याशी एकच वाक्य बोलला होता, "तुले महिन्याले पगार येते, आमाले पाणी लागते." आता तो खोलीच्या खिडकीपाशी उभा होता आणि माझ्याकडे न पाहता बाहेर पाहत होता. मला त्याची भीती वाटली, सरपंचाची वाटली, गावात नंतर कोणाच्या ओसरीवर बसायचं याची वाटली. आणि खरं सांगायचं तर आणखी एक बारीकसं कारण होतं. तो नकाशा उघडला असता तर सगळ्यांना दिसलं असतं की माझी हुशारी कोणाच्या तोंडची होती.

"होता," मी म्हणालो. "पण ते सगळे कागद... वाळवी लागली त्यांना. आता नाही काही."

भावानं खिडकीतून मान आत वळवली. काकाजींनी साहेबांकडे वळून माझी बाजू मांडली.

"लागते जी वारवी. ट्रंकेतबी शिरते. आमच्या जाळ्याले उंदीर लागतेत तशी. मास्तर खोटं नाई बोलनार, लहानपनापासून पाहून राहिलो मी त्याले."

आणि खाली बसले.

लीज गावच्या संस्थेला मिळाली. संस्थेच्या वर्धापनदिनी मला शाल आणि नारळ देण्यात आला. मी घेतला. शाल अजून आहे. कपाटात नकाशाच्याच वरच्या कप्प्यात आहे, हे आता लिहिताना लक्षात येतं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात गेट शेवटपर्यंत उघडं राहिलं. मी सुटीत गावी गेलो तेव्हा पाळीवर चढून पाहिलं. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच आईचं पाणी आटलं होतं. मधोमध चिखलाचं एक काळं डबकं आणि भोवती बगळे. भावाचं उन्हाळी धान छान उभं होतं. टोल्यातले पुरुष तोवर वैनगंगेवर जाऊ लागले होते, रोजचा येण्याजाण्याचा हिशेब निराळाच. बाया मिरची तोडायला तेलंगणात गेल्या. त्यात ती बकरीवाली सूनही होती.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी काकाजी आमच्या लाखांदूरच्या घराच्या दाराशी उभे. हातात पळसाच्या पानाचा पुडा, सुतळीनं बांधलेला.

"कंडक्टर लय बोंबलला जी. वास येते मने. मी मनलो, बाप्पा, मासोरीले गुलाबाचा वास कुठून येईन?"

मी आत या म्हणालो. ते ओसरीवरच टेकले. पुडा बायकोच्या हातात देत म्हणाले, "हे तलावातली नाई. तलावात आमी आता नाई जात. नदीतली हाय. पन कालपासून सांडवा वाहून राहिला. तुमचं शेत खाली हाय, मंग देनं लागते."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक चहाचं विचारलं असेन. चहा पिऊन उठताना ते म्हणाले, "मास्तर, थो नकाशा वारवीनं खाल्ला तं खाल्ला. नवा काढू. नावं मले पाठ हायेत. मी सांगतो, तुमी लिवा. लीज काही जनमभराची नसते."

"पाहू काकाजी," मी म्हणालो. "सध्या परीक्षा आहेत."

पावसाळ्यात कसल्या परीक्षा? पण ते मान डोलावून गेले. दुपारी बायकोनं मासोळीचा रस्सा केला. घशाखाली घास उतरला नाही असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मी जेवलो, आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं.

ते दरवर्षी येत राहिले. सांडवा वाहिला की एसटीनं, पुडा घेऊन. दरवर्षी नकाशाचं विचारायचे आणि दरवर्षी माझ्याकडे काहीतरी कारण असायचं. खळ्यावरचं सूपभर धान आमच्या घरून केव्हाच बंद झालं होतं. भाऊ म्हणतो, आता हार्वेस्टर शेतातच पोती भरतो, खळंच राहिलं नाही. खरं आहे. त्याचीही प्रत्येक गोष्ट खरीच असते.

या वर्षी ते सुनेचा हात धरून आले. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ओसरीवर बसले आणि आपणहून तलावाची नावं म्हणू लागले, बोटांवर मोजत. कमळबाजू, म्हसबैठक, आईचं पाणी. तिथे अडकले.

"त्याच्या अंगाले कोनतं होतं जी? जिभेवर येते अना वापस जाते." सुनेला विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं त्या कोपऱ्याला नुसतं 'तिकडे' म्हणतानाच ऐकलं होतं. काकाजी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले आणि पुन्हा तिथेच थांबले. त्यांचे ओठ हलत होते. मला ते पाहवेना.

"गाडबुडी," मी म्हणालो.

"गाडबुडी!" ते केवढ्यानं तरी हसले. "पाहा, याच्या ध्यानात हाय! मी विसरलो अना मास्तर नाई विसरला." माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "आता मराले हरकत नाई."

सून हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. पुडा माझ्या हातात देताना ती हळूच, सासऱ्याला ऐकू जाणार नाही अशी बोलली, "वाळवी बरी होती सर तुमची. कागद खाल्ला, नाव सोडलं."

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. नकाशा काढून पलंगावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली. तुटक रेघ अजून स्पष्ट आहे. टोला मधात आहे. गाडबुडीच्या खाली माझ्या अक्षरात खोली लिहिलेली आहे, बांबूच्या पाच खुणा आणि चार बोटं. त्या जागी आता दरवर्षी उन्हाळ्यात ट्रॅक्टर उतरतो, गाळ न्यायला.

येत्या उन्हाळ्यात लीजची मुदत संपते. पुन्हा चौकशी होईल, पुन्हा कोणी तरी जुना कागद विचारेल. मी नकाशा दाखवला तर भाऊ माझ्याशी बोलणार नाही. तो रागावणार नाही, नुसता खिडकीबाहेर पाहील, आणि ते मला जास्त अवघड आहे. हे सगळं लिहिण्याचं धाडस झालं म्हणून ते धाडसही होईल, असं मी म्हणत नाही. आजवर मी स्वतःबद्दल जेवढं चांगलं म्हटलं, तेवढं खरं निघालेलं नाही.

तरी काय द्यायचं आहे ते मला ठाऊक आहे. काकाजींना नकाशाची एक नक्कल द्यायची आहे, मागितली तेव्हा देतो म्हणालो होतो ती, आणि तिच्यावर माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव लिहून. ज्या खोलीत मी वाळवी म्हणालो, त्याच खोलीत, भावासमोर आणि त्यांच्यासमोर, वाळवी नव्हती असं सांगायचं आहे, त्यांना ऐकू येतं तोवर. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.